शीव

एकतीस मार्चला, संध्याकाळी सव्वापाचला
हिनोकुबो गाव बंद होणार होतं.
दुकान बंद होतं तसंच:
आधी फलक उतरतो, मग दिवे मालवतात,
मग कुणीतरी विसरलेली छत्री न्यायला येतं.

नोंदणीच्या खिडकीवर मी एकोणतीस वर्षं.
जन्मले, वारले, लग्न करून दुसऱ्या प्रांतात गेले,
सगळे माझ्या हाताखालून.

आमचा पत्ता चार मजली:
वर अकिता प्रांत, त्याखाली कामिइवा गुन,
त्याखाली गाव, तळाशी वाडी आणि घराचा आकडा.
गुन म्हणजे तालुका म्हणा हवं तर,
पण त्याला ना कचेरी, ना साहेब, ना शिपाई.
ऐंशी वर्षांपूर्वीच त्याचा जीव गेलेला.
आम्हीच आपलं पत्त्यात त्याचं नाव चालवत होतो,
गेलेल्या काकाची पाटी दारावर राहू द्यावी तसं.
एकेक गाव शहराला मिळत गेलं
आणि गुनात उरलो आम्ही एकटे.
आज आम्ही निघालो की तोही निघणार.
त्यासाठी वेगळा अर्ज लागत नाही,
मी नियम पाहिला.

गावसभेत नऊ खुर्च्या, त्यातली एक
कुरोसे वारल्यापासून रिकामी.
पाच विरुद्ध तीन.
विरोधातल्या इसोनो आजी हात वर करून
तसाच बराच वेळ धरून बसल्या,
मोजून झाल्यावरही.
मग फाइल प्रांताच्या राजधानीत गेली,
प्रांतसभेने मान डोलावली,
गव्हर्नरचा लाल शिक्का उमटला,
आणि राजपत्रात दीड ओळ आली.
चारशे बारा माणसं, दोन नद्या,
एक शाळा (तीही बंदच),
दीड ओळ.

साडेचारला तोकुजिरो आले, बुटांना बर्फ.
म्हणाले, रहिवासाचा दाखला हवा.
अर्जात रकाना असतो: कशासाठी?
पेन्शन? बँक? गाडी?
ते रकान्याकडे बघत राहिले.
मी म्हटलं, उद्या शहराचा मिळेल,
नव्या पत्त्याचा, उपयोगाचा.
म्हणाले, तो नको.
आणि थोड्या वेळाने: दोन प्रती.
सहाशे येन, सगळी सुटी नाणी,
मोजायला त्यांनी मुद्दाम वेळ लावला असं मला वाटलं.
रकान्यात मी लिहिलं, "इतर".
सरकारात दुःखाला हाच एक शब्द आहे.

शिक्का शेवटचा उमटवताना
हात जरा तिरका पडला.
पुन्हा मारता आला असता.
नाही मारला.

पाचला भोंग्यावर रोजची धून वाजली,
मुलांनी घरी जावं म्हणून,
मुलं सात.
गावप्रमुखांनी झेंडा उतरवला, घडी घालायला लागले,
घडी नीट बसेना.
कुणी हसलं नाही,
मग सगळेच हसले.

दुसऱ्या दिवशी मी शहराची कर्मचारी.
तीच खिडकी, तीच खुर्ची, बाहेर नवी पाटी:
"हिनोकुबो शाखा". शाखा!
खोड उपटून कोपऱ्यात फांदी खोचल्यागत.

रात्री पुन्हा बर्फ पडला होता.
एप्रिलमध्ये आमच्याकडे पडतो, त्याला कॅलेंडर कोण दाखवणार.
पहाटे किमिहारु नांगर घेऊन निघाला,
रस्ता साफ करत पुलाच्या अलीकडच्या दगडापाशी आला
आणि सवयीने पातं उचलून मागे वळला.
बावीस वर्षं तिथेच वळतोय:
पलीकडचा बर्फ पलीकडच्यांचा.
आता पलीकडे कुणी नव्हतं,
दोन्हीकडे आम्हीच होतो,
पण हे त्याच्या हाताला कुणी कळवलं नव्हतं.

रस्त्यात आडवा राहिला
कमरेएवढा पांढरा बांध,
नकाशातून पुसलेल्या शिवेवर
अगदी बरोब्बर.

मी गाडीतून फावडं काढलं.
ऑफिसला उशीर होत होता.
गाडीपुरती वाट केली,
उरलेलं
तसंच ठेवलं.